चौदा पोरांवरून पिढी मोजता येत नाही

ब्रिटनपासून वेगळं व्हायचं का, यावर स्कॉटलंडने 2014 मध्ये घेतलेल्या आणि 'नाही' असा निकाल लागलेल्या सार्वमतावरचा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, "म्हाताऱ्यांनी पेन्शनीपायी तरुणांचा देश बुडवला. 16-17 वर्षांच्या 71 टक्के मुलांनी 'हो' म्हटलं होतं, ते तुम्ही लपवलंत." शिवाय लंडनच्या नेत्यांनी ऐनवेळी दिलेल्या 'वचना'ने मतदारांना फसवलं, असंही तुमचं म्हणणं.

लपवलं नाही, मुद्दाम गाळलं. तो आकडा लॉर्ड अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी मतदानानंतर केलेल्या पाहणीतला. विचारलं 2,047 जणांना, त्यांत 16-17 वयाचे फक्त 14. दहा 'हो', चार 'नाही', झाले 71 टक्के! दोन पोरांनी उत्तर फिरवलं असतं तर तोच आकडा 57 वर आला असता. त्याच तक्त्याची पुढची ओळ बघा: 18 ते 24 वयोगटात 52 टक्के 'नाही'. अठराव्या वाढदिवसाचा केक कापताना मुलं ब्रिटनवादी होतात की काय? होकार ठळक दिसतो तो 25 ते 34 मध्ये, 59 टक्के.

65 च्या वरच्यांबद्दल तुमचं बरोबर आहे, 73 टक्के नकार. पण सगळं खापर पेन्शनीवर फोडू नका. नकार देणाऱ्यांपैकी 57 टक्क्यांनी पौंडाचं कारण सांगितलं, पेन्शनचं 37 टक्क्यांनी. फेब्रुवारी 2014 मध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री ऑस्बर्न यांनी एडिनबरात येऊन सांगितलं होतं की, वेगळे झालात तर पौंडात भागीदारी नाही. ज्याची आयुष्याची पुंजी पौंडात आहे त्याला हे वाक्य वेगळंच ऐकू येतं.

आता त्या 'वचना'बद्दल. 'नाही' म्हणालात तर स्कॉटलंडच्या संसदेला जास्त अधिकार देऊ, असं कॅमेरन, मिलिबँड आणि क्लेग या तीन ब्रिटिश पक्षनेत्यांच्या सह्यांचं ते वचन 'डेली रेकॉर्ड' या स्कॉटिश दैनिकाच्या पहिल्या पानावर आलं 16 सप्टेंबरला, मतदान 18 ला. टपाली मतपत्रिका ऑगस्टअखेरीलाच घरोघर जाऊ लागल्या होत्या. ज्यांनी त्या भरून आधीच पाठवल्या, त्यांना वचनाने फसवलं कसं? संताप मात्र रास्त आहे. निकालाच्याच सकाळी पंतप्रधान कॅमेरननी 'इंग्लंडच्या कायद्यांवर इंग्लंडच्याच खासदारांची मतं' हा विषय त्या वचनाला जोडून दिला. मूळ खोट मसुद्यातच होती. 'व्यापक नवे अधिकार' म्हणजे कोणता कर, किती वाटा, याचा त्यात आकडाच नाही. म्हणून पुढे 'पाळलं' आणि 'मोडलं' दोन्ही म्हणायची सोय झाली. 2016 च्या कायद्याने स्कॉटलंडच्या संसदेला पगारावरच्या प्राप्तिकराचे दर ठरवायचा अधिकार मिळाला, व्हॅटचा निम्मा वाटा मात्र कागदावरच राहिला.

होकार देणाऱ्यांत 74 टक्क्यांनी वेस्टमिन्स्टरवरच्या, म्हणजे लंडनच्या संसदेवरच्या नाराजीचं कारण दिलं. त्या लाटेत एसएनपी हा स्वातंत्र्यवादी स्कॉटिश पक्ष 2015 मध्ये ब्रिटिश संसदेत 6 जागांवरून 56 वर गेला, स्कॉटलंडच्या एकूण जागा तेव्हा 59. आणि 2024 मध्ये? फक्त 9. लोकांचा अविश्वास एकट्या लंडनच्याच वाट्याला आला नाही, एसएनपीच्याही आला, हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच येत नाही.

टपाली मतांचा मुद्दा मूळ लेखात राहून गेला होता, ती चूक माझी. तेवढी दुरुस्ती आज केली आहे.