आधी मोठ्यांना शिकवा, हे पटलं

युद्धात होरपळलेल्या मुलांना सावरायला शिक्षक आणि पालकांनाच तयार करावं, हे तुमच्या लेखातलं म्हणणं मला मनापासून पटलं. तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलंय, म्हणून लिहिते.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे आपल्या नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा बहिणीची नात सहा वर्षांची होती. घरात कमरेएवढं पाणी. नंतर कित्येक महिने ढग गडगडले की ती दप्तर छातीशी धरून पलंगावर चढून बसायची. आम्ही सगळे मायेपोटी तिला पुन्हा पुन्हा विचारत होतो, "काय झालं होतं गं? सांग ना." तिथेच आमचं चुकत होतं. युद्धाशी याची बरोबरी नाहीच, पण मोठ्यांची चूक सगळीकडे हीच होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचार पुस्तिकेत तीन कामं सांगितली आहेत: पाहा, ऐका, मदतीशी जोडून द्या. बोलायची बळजबरी करू नका, हेही त्यात स्पष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धात बालमनोविश्लेषक ॲना फ्रॉइड यांनी लंडनमधल्या आपल्या बालगृहांत चार-पाच मुलांमागे एक ठरलेली ताई नेमली, आणि मुलं तिला बिलगू लागली. बाँबपेक्षा आईपासूनची ताटातूट मुलांना जास्त खाते, असं त्यांचं निरीक्षण होतं.

एक गोष्ट मात्र लेखात राहून गेली. गाझा किंवा युक्रेनमधल्या शिक्षिकेचंही घर गेलेलं असतं. मुलांसमोर उभं राहण्याआधी तिला रडायला जागा आणि चार दिवस झोप कोण देणार? प्रशिक्षणाचा पहिला दिवस तिच्यासाठीच ठेवायला हवा.