ट्यूबला तीन कोटेशनं, कराराला एक बोट

सोसायटीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर काही बसवायचं निघालं की माऊस माझ्याच हातात येतो. कालही आला. हिशेबनिसाला घरबसल्या काम करता यावं म्हणून कुठलंसं फुकट रिमोट सॉफ्टवेअर हवं होतं. बसवताना 'मला मान्य आहे' हे बटण दाबायचा करारनामा उघडला आणि मी उठून खजिनदारकाकांना खुर्ची दिली.

"मी कशाला? तूच दाब रे."

"काका, इथे लिहिलंय, दाबणाऱ्याला संस्थेच्या वतीने करार करायचा अधिकार हवा. मी साधा सभासद."

"सभासद म्हणजे मालकच की!"

"मग जिन्यातल्या ट्यूबसाठी तीन कोटेशनं का मागवलीत?"

"तिला पैसे पडतात. हे फुकट आहे."

काकांनी चष्मा काढला, पुसला आणि न घालताच खिशात ठेवला. "माझं नाव उमटतं का बघ. नाही? मग वॉचमनला बोलव, तो दाबेल."

वॉचमनने दोन्ही हात मागे बांधले. "साहेब, एजन्सीला विचारावं लागेल."

खोलीत कायदा कळणारा तो एकटाच!

मुळात 'फुकट' म्हणजे बहुधा घरच्या वापरापुरतं फुकट. कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स मुक्त आहे, पण त्याचा एक्स्टेन्शन पॅक, म्हणजे जादा सोयींचा जोड, ऑफिसात वापरायला परवाना विकत घ्यावा लागतो. प्रोग्रामरांचं डॉकर डेस्कटॉप कंपनीला फुकट हवं, तर माणसं २५०पेक्षा कमी आणि वर्षाची उलाढाल १ कोटी डॉलरच्या आत हवी. गाणी ऐकायच्या आयट्यून्सच्या करारात तर अण्वस्त्रं आणि क्षेपणास्त्रं बनवणार नाही अशी हमी घेतात. ती आमच्या कमिटीने द्यायची की मी एकट्याने?

बरं, एकदा दाबलं की सुटलो, असंही नाही. विंडोजवरची सिसइंटर्नल्सची टूल्स, म्हणजे मायक्रोसॉफ्टची देखभालीची छोटी हत्यारं, ही मान्यता रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, प्रत्येक युजरच्या नावे वेगळी नोंदवतात. मी दाबलेलं माझ्यापुरतं. दुसऱ्या लॉगिनला तीच खिडकी पुन्हा येते. रात्रीच्या आपोआप चालणाऱ्या कामात ती आली, तर दाबायला कोणी नसतं आणि काम सकाळपर्यंत लटकतं. म्हणून तंत्रज्ञ कमांडलाच 'करार मान्य' असं सांगणारं 'अ‍ॅक्सेप्टयूला' जोडून मोकळे होतात. म्हणजे वाचलं कुणीच नाही, मान्य मात्र सगळ्यांना! शाळेच्या लॅबमध्ये तर पोरंच दाबतात. १८७२च्या करार कायद्याच्या कलम ११नुसार अल्पवयीन मुलाला करारच करता येत नाही, पण पिरियड ३५ मिनिटांचा असतो.

मशीन ज्याचं, हो त्याने म्हणावं. सोसायटीत कमिटीने, शाळेत मुख्याध्यापकांनी. बसवणाऱ्याने फक्त बोट चालवावं आणि वहीत सॉफ्टवेअर, आवृत्ती, परवान्याचा प्रकार, कोणी हो म्हटलं आणि तारीख लिहून सही घ्यावी. अ‍ॅडमिन पासवर्ड एकाकडेच ठेवावा, कारण खरा घोळ अपडेटमध्ये होतो. अनेक प्रोग्राम चालायला लागणाऱ्या ओरॅकल कंपनीच्या जावा ८च्या नव्या अपडेटना एप्रिल २०१९पासून व्यावसायिक वापरासाठी पैसे लागू लागले. आधीचं फुकट होतं, म्हणून पुढचंही फुकटच असणार, असं सगळे धरून चालतात. आणि ते अपडेट दाबतो कोण? आडवी आलेली खिडकी घालवायला त्या घटकेला जो खुर्चीत असेल तो.