‘हायबरनेशन’ आणि आपला हिवाळा

सर, ‘हायबरनेशनचं हेमंताशी नातं जोडणं म्हणजे सगळं जग संस्कृतातून निघालं म्हणणाऱ्यांचा खेळ’, असं तुम्ही लिहिलंत. त्या खेळाची मलाही चीड आहे, म्हणून सविस्तर लिहितो. हायबरनेशन म्हणजे काही प्राण्यांचं महिनोन्‌महिने निपचित पडून राहणं; मराठीत त्याला ‘शीतनिद्रा’ म्हणतात.

हा शब्द लॅटिनमधून आलाय; तो लॅटिन शब्द संस्कृतातून आला, असं मी म्हटलेलं नाही. दोन्ही भाषा एकाच प्राचीन मूळ भाषेची लेकरं. हिवाळ्याला लॅटिनमध्ये ‘हिएम्स’, ग्रीकमध्ये ‘खेइमोन’, रशियनमध्ये ‘झिमा’, फारसीत ‘झमिस्तान’. संस्कृतात हिम, हेमंत. आणि हिमापासूनच आपलं हीव, हिवाळा. ही जुळणी कानाला गोड लागली म्हणून केलेली नाही. मूळ ध्वनी संस्कृतात ‘ह’ झाला, इराणी भाषांत ‘झ’, आणि हे इतर शब्दांतही तसंच घडलं. संस्कृत हिरण्य, अवेस्ता या प्राचीन इराणी धर्मग्रंथातलं ‘झरन्य’, फारसी ‘झर’. आपल्या लुगड्याच्या जरीकाठात तेच सोनं आहे!

आता ‘हायबरनेशन’ ज्यातून आलं ते लॅटिन ‘हिबेर्नारे’. अर्थ फक्त हिवाळा काढणं. रोमन फौजा थंडीत ज्या छावणीत मुक्काम करत, ती ‘हिबेर्ना’. इ.स.पू. 54च्या हिवाळ्यात गॉलमधल्या (आजच्या फ्रान्सच्या आसपासच्या प्रदेशातल्या) सीझरच्या अशाच एका छावणीतली फौज तिथल्या अँबिओरिक्स या टोळीप्रमुखाने कापून काढली. म्हणजे त्या शब्दात झोप कुठेच नव्हती. ती ‘शीतनिद्रा’ म्हणताना मराठीत आली.

‘शब्द रुळलाय, उगाच कशाला ढवळता?’ हा ‘शीतनिद्रा’बद्दलचा तुमचा दुसरा आक्षेप. शब्द टाकून द्या असं मी म्हणत नाही. पण त्याने समज चुकते, ते सांगायलाच हवं. आर्क्टिक प्रदेशातल्या जमिनीवरच्या खारीच्या शरीराचं तापमान हिवाळ्यात शून्याखाली उतरतं. दोन-तीन आठवड्यांनी ती अंग तापवून घेते आणि त्या उबेत खरी झोप काढते. मादागास्करचा जाड शेपटीचा छोटा लेमूर (माकडांच्या दूरच्या नात्यातला प्राणी) तर झाडाच्या ढोलीत महिनोन्‌महिने निपचित राहतो, तेही उष्ण हवेत. 2004 साली हे संशोधकांनी दाखवलं. तिथे शीत कुठे आहे?

आपल्याकडे राधानगरीचं अस्वल थंडीतही हिंडतं-फिरतं. उलट शिवारातले बेडूक कोरड्या दिवसांत जमिनीत गाडून घेतात आणि वळवाच्या-मिरगाच्या पावसाला वर येतात. कोल्हापूरच्या पोरांना आधी ते दाखवावं. ‘शीतनिष्क्रियता’ हा शब्दही मराठीत आहे. जड आहे खरा, पण चुकीचं काही सांगत नाही. वर्गात ‘शीतनिद्रा’ शिकवताना तुम्ही तो फळ्यावर शेजारी लिहावा, एवढीच विनंती.