आयझरमनचे गुण घटले, की त्याने घटवले?

वाद मंदारने पेटवला. "आइस हॉकीत डेट्रॉइट रेड विंग्सचा कप्तान राहिलेल्या स्टीव्ह आयझरमनने संघासाठी स्वतःचे गुण, म्हणजे गोल आणि गोलला दिलेले पास मिळून होणारा आकडा, सोडले, असं जो तो सांगतो. आकडे बघा ना! 1988-89 मध्ये 80 सामन्यांत 155 गुण, 1996-97 मध्ये 81 सामन्यांत 85. पण त्या काळात अख्ख्या एनएचएलमध्येच, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या हॉकी लीगमध्ये, गोल आटले. दोन्ही संघांचे मिळून सामन्याला साडेसातच्या आसपास व्हायचे, ते सहाच्या खाली आले. त्यात गडी एकतिशीत पोचलेला. यात त्याग कुठला?"

मुद्दा खरा, पण अर्धाच. लीगचे गोल साधारण पाव हिश्शाने घटले, आयझरमनचे गुण जवळजवळ निम्म्यावर आले.

"उरलेला फरक बर्फावर दिसतो," प्राची म्हणाली. "1993 मध्ये स्कॉटी बोमन डेट्रॉइटला कोच म्हणून आला. त्याला सेंटर, म्हणजे आयझरमनसारखा मधला फॉरवर्ड, दोन्ही टोकांना हवा होता. पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, आपल्या कोपऱ्यात अडकला की सेंटरने गोलच्या मागेपर्यंत उतरायचं, डिफेन्समनला तो सोडवायला मदत करायची. विंगर, म्हणजे कडेचे फॉरवर्ड, वर, आपल्या बचावक्षेत्राची हद्द असलेल्या ब्लू लाइनजवळच्या प्रतिस्पर्ध्यांवर. रिंक 200 फूट लांब असते. जो धाव आपल्या गोलमागून सुरू करतो, तो समोरच्या गोलपाशी पोचेपर्यंत अर्धा दमलेला असतो."

"आणि हल्ल्यातही तेच," सुहास म्हणाला. "तिन्ही फॉरवर्ड पकामागे गोलरेषेपलीकडे घुसले आणि पक गेला, की समोरचे तिघे आपल्या दोन डिफेन्समनवर चालून येतात. म्हणून एकाने वर थांबायचं असतं. कंटाळवाणं काम आहे, पण ते चुकलं की गोल खाल्लाच म्हणून समजा."

माझ्या मते कप्तानपद खरं कळतं ते शिफ्टमध्ये. शिफ्ट म्हणजे एका दमात बर्फावर खेळायची पाळी, साधारण 45 सेकंदांची. नावाजलेला स्कोअरर एखादी संधी मिळेल म्हणून ती सव्वा मिनिटावर नेतो. तोवर पाय जड झालेले असतात आणि समोर ताज्या दमाचे पाच जण उतरतात. दुसऱ्या पिरियडमध्ये तर बाजू बदलल्यामुळे आपला बचाव बेंचपासून लांब पडतो. पक बाहेर काढता आला नाही, तर बदली करायलाच मिळत नाही. घाईने केली आणि सहावा स्केटर खेळात आला, तर दोन मिनिटांची पेनल्टी. कप्तानच वेळेवर बेंचवर येतो, तिथे चौथ्या लाइनमधला, म्हणजे फॉरवर्डच्या चौथ्या त्रिकुटातला, कोणीही बर्फाला चिकटून राहू शकत नाही.

मंदार ऐकणाऱ्यातला नव्हता. "मग 1995 ला अंतिम फेरीत न्यू जर्सीने 4-0 ने का धुतलं? 1996 ला मोसमात 62 विजय मिळवून कोलोरॅडोपुढे का हरले? तेव्हाही हाच कप्तान, हाच खेळ!"

सुहासने ते सरळ मान्य केलं. 1997 ला जिंकले त्यात इतरांचाही वाटा होता, म्हणाला. ऑक्टोबर 1996 मध्ये हार्टफर्डकडून ब्रेंडन शॅनहन आला, म्हणजे अंगाने दणकट आणि गोल करणारा विंगर. प्लेऑफमध्ये गोलवर माइक व्हर्नन होता. अंतिम फेरीत फिलाडेल्फियाच्या धिप्पाड एरिक लिंड्रॉसवर बोमनने धडका देणारा कॉन्स्टँटिनोव्ह न सोडता लिडस्ट्रम आणि मर्फी ही शांत जोडी लावली. त्यांनी धडका टाळल्या, पक हिसकावून लगेच पुढे दिला. डेट्रॉइटने 4-0 ने स्टॅनली कप, म्हणजे लीगचा करंडक, जिंकला, 1955 नंतर पहिल्यांदाच. प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्मिथ करंडक मिळाला तो व्हर्ननला.

"पण त्या शांत जोडीला पहिला पास द्यायला जवळ कोणी तरी हवंच ना?" प्राची अडून बसली. "सेंटर खाली उतरलेला नसता, तर मर्फी पक कुणाला देणार होता?"

यावर मंदार गप्प झाला, पण दोनच मिनिटं. मग त्याने 2002 काढलं. आयझरमनचा उजवा गुडघा पार गेलेला, तरी प्लेऑफच्या 23 सामन्यांत 23 गुण, तिसरा स्टॅनली कप, आणि त्यानंतर हाडाची मोठी शस्त्रक्रिया. "हेही संघभावनेत मोजायचं?"

"गुण बघता तो संघावर ओझं नव्हता," सुहास म्हणाला.

"त्याचं ठीक आहे रे," प्राची म्हणाली. या वेळी ती मंदारच्या बाजूने होती. "पण ते बघून तिसऱ्या लाइनमधला पोरगा आपली दुखापत डॉक्टरपासून लपवतो. एक पाय ओढत शिफ्ट खेळतो आणि परत बचावाला पोचतच नाही. तेव्हा त्याला बेंचवर बसायला कोण सांगणार?"

"कप्तानच," मंदार म्हणाला. "पण कुठल्या तोंडाने?"