निळा म्हणजे घडीव लोखंड

वाफेच्या इंजिनांची एकोणिसाव्या शतकातील जलरंगी आरेखने सध्या मोठ्या प्रमाणावर फिरत आहेत. त्यांच्याखाली तीन विधाने हमखास असतात: ही चित्रकारांनी शोभेसाठी काढलेली चित्रे आहेत, त्यांतले रंग हेच इंजिनांचे मूळ रंग होते आणि छायाचित्रणामुळे ही कला संपली. तिन्ही विधाने चुकीची आहेत.

सर्वांत जास्त दिशाभूल रंगांविषयीच्या विधानाने होते. ब्रिटनमधील कारखान्यांत आरेखक रंगाने धातू सांगत असत. घडीव लोखंडाला प्रशियन निळा, बिडाला (ओतीव लोखंडाला) करडा, पितळेला पिवळा, तांब्याला लालसर आणि पोलादाला निळ्यात किरमिजी मिसळून केलेला जांभळा, असा साधारण संकेत होता. छटा कारखान्यागणिक थोड्या बदलत. १८२९ मध्ये इंग्लंडमधील रेनहिल येथे झालेल्या रेल्वे-इंजिनांच्या चाचणीत उतरलेले ‘रॉकेट’ हे इंजिन प्रत्यक्षात पिवळे होते आणि त्याच्या बॉयलरमध्ये तांब्याच्या २५ नळ्या होत्या. या संकेतानुसार त्याचा छेद, म्हणजे आतले भाग कापून दाखवणारे चित्र, रंगवला, तर नळ्या लालसर दिसतील, बॉयलरचा पत्रा निळा दिसेल आणि पिवळा दिसेल तिथे पितळ आहे असे समजावे लागेल.

शोभेचा मुद्दाही तपासून पाहावा. बाजूने काढलेल्या सपाट आरेखनात गोल बॉयलर आणि चौकोनी टाकी दोन्ही आयतच दिसतात. त्यांतला फरक कळावा म्हणून आरेखक पातळ रंगाचे हात एकावर एक देऊन बॉयलरच्या कडा गडद करत जाई आणि प्रकाश वरून डावीकडून येतो असे धरून उजेडाची पट्टी मोकळी सोडी. त्यासाठी कागद आधी ओला करून, कडा फळीला चिकटवून ताणावा लागे, नाहीतर रंग देताच तो फुगे. इतके कष्ट आकार अचूक कळावा म्हणून होते, आणि त्यांतून आलेले सौंदर्य मला म्हणूनच अधिक मोलाचे वाटते. संचालकांना दाखवण्यासाठी इंजिनाच्या खऱ्या रंगांत सजवलेली आरेखनेही होत असत, हे मान्य. पण छेदचित्रांना ते लागू होत नाही.

राहिले छायाचित्रण. रंगीत आरेखने मागे पडली ती मुख्यतः नकला काढण्याच्या नव्या पद्धतीमुळे. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेली निळ्या छपाईची रासायनिक प्रक्रिया १८७० च्या दशकापासून आरेखन-कक्षांत रुळू लागली. या ब्लूप्रिंटमध्ये निळ्या पार्श्वभूमीवर फक्त पांढऱ्या रेषा उमटत, रंगांचा संकेत उतरत नसे. धातू सांगण्याचे काम मग तिरक्या रेषांच्या वेगवेगळ्या नमुन्यांकडे आणि शेजारी लिहिलेल्या टिपांकडे गेले.