मोजता येतं, पण मोजायचं नाही

इंग्रजी मेल लिहायला बसलं की फर्निचरपाशी हात अडतो. चार खुर्च्या, एक टेबल, एक कपाट. सहा नग लख्ख दिसताहेत, पण इंग्रजीचा हेका एकच: हे मोजायचं नाही. चेअर मोजा, टेबल मोजा. दोघं एकत्र आले की मोजणी बंद!

'जे मोजता येत नाही ते अनकाउंटेबल' ही व्याख्याच सगळ्या घोळाचं मूळ. पैसे मोजण्यात आपला जन्म जातो आणि मनी म्हणे अनकाउंटेबल. वस्तूकडे पाहूच नये, शब्द कसा वागतो ते पाहावं. त्याच्याआधी 'अ' किंवा 'टू' बसत नाही, शेवटी 'एस' लागत नाही, क्रियापद एकवचनी आणि 'मेनी'च्या जागी 'मच'.

यात अर्ध्या चुका निव्वळ आगाऊपणाच्या. मराठीत कुणी 'माहित्या द्या' म्हणत नाही, की हमालाला 'सामानं उचल' सांगत नाही. तीच माणसं (म्हणजे मीच) इंग्रजीत शिरली की 'इन्फर्मेशन्स' आणि 'लगेजेस' पाठवतात. इथे मराठी कानाचं ऐकलं तरी निभावतं. खरा दगा देतात ते केस, बातम्या, सल्ले आणि दागिने. मराठीत सगळी अनेकवचनी मंडळी. इंग्रजीत हेअर, न्यूज, अ‍ॅडव्हाइस, ज्वेलरी एकवचनी. 'माय हेअर इज व्हाइट' म्हणताना डोक्यावर एकच केस उरल्यासारखं वाटतं. 'हेअर्स' म्हणजे कंगव्यात अडकलेले सुटे केस, आणि आमटीत निघतो तो 'अ हेअर'.

धान्याच्या डब्यांत तर्क शोधूच नये. आपण तांदूळ निवडले, गहू दळले. त्यांचं राइस आणि व्हीट एकवचनी, ओट्स मात्र अनेकवचनी. (मराठी तरी कुठे धुतल्या तांदळासारखी? पोहे भिजले, पण साबुदाणा भिजला.) वाटाण्याची तर कमालच. पूर्वी 'पीज' हे तिथे न मोजायचं नाम होतं. शेवटचा आवाज लोकांना अनेकवचनाचा वाटला, म्हणून तो छाटून त्यांनी 'पी' हा एकटा वाटाणा सोलून काढला. ते चुकले की भाषेचा इतिहास. आपण 'इक्विपमेंट्स' लिहिलं की लाल शाई.

उतारा आपल्या एसटी स्टँडवरच आहे: नग! सामानाचे चार नग, तसे 'फोर पीसेस ऑफ लगेज'. हाच पीस फर्निचर, न्यूज, अ‍ॅडव्हाइस, इन्फर्मेशन यांनाही चालतो. ब्रेडला स्लाइस किंवा लोफ, साबणाला बार. हॉटेलात 'टू कॉफीज' खुशाल मागा, तिथे कप गृहीत असतो.

शेवटचा सापळा 'अ' आणि 'एस' लावल्यावर अर्थ बदलणाऱ्यांचा. आयर्न म्हणजे लोखंड, 'अ‍ॅन आयर्न' म्हणजे इस्त्री. डॅमेज म्हणजे नुकसान, पण 'डॅमेजेस' म्हणजे कोर्टाने द्यायला लावलेली भरपाई. तेव्हा टेबलाला चरा पडल्याचं कळवताना तो 'एस' तेवढा आवरा, नाहीतर समोरचा थेट वकील गाठायचा.