‘डोळे लागतात काका, तक्ते नाही’ : बिजान-गिब्ज लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

बिजान रॉबिन्सन आणि जमीर गिब्ज यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही टाकलेली प्रतिक्रिया वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. तेव्हाच काहीतरी खरडून मोकळा झालो असतो, पण मुद्दाम दोन दिवस थांबलो. तरीही लागायचं ते लागलंच आहे, या उत्तरात ते दिसलं तर दिसू दे.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हे दोघं अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधले रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन धावणारे खेळाडू. दोघंही २०२३ च्या ड्राफ्टमधले (टीम नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम), दोघंही २०२५ मध्ये २३ वर्षांचे. बिजान अटलांटा फाल्कन्सकडे, गिब्ज डेट्रॉइट लायन्सकडे. २०२५ च्या फँटसी ड्राफ्टमध्ये (आपण कागदावर टीम बांधतो आणि खऱ्या सामन्यांतल्या कामगिरीवर गुण मिळतात, तो खेळ) दोघांपैकी एकच हाताला लागणार असेल तर मी बिजान घेईन, असं मी लिहिलं. कारणही दिलं: तरुण रनिंग बॅकची किंमत त्याच्या यार्डांवरून किंवा टचडाउनवरून (बॉल गोल लाइनपलीकडे नेणं) लावू नये. बॉल त्याच्या हातात किती वेळा दिला जातो, म्हणजे कॅरी (बॉल हातात घेऊन धाव) आणि कॅच मिळून टच किती होतात, ते आधी बघावं. तुमच्या मते हे साफ चूक. तुमचे मुद्दे पाच-सहा आहेत, पण ज्या वाक्यासाठी मी आज लिहायला बसलो ते हे: “संधी काय, कोचने दिली की कुणालाही मिळते, पोरगा पळतो कसा ते बघायला डोळे लागतात काका, तक्ते नाही. तुम्ही सामने बघता तरी का?”

आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करतो. गिब्ज अकराव्या क्रमांकावर निवडला गेला असं मी लिहिलं होतं. तो बाराव्या क्रमांकावर गेला. चूक माझी, दाखवून दिल्याबद्दल आभार. दुरुस्ती केली आहे.

आता ‘काका’. माझं वय ४९ आहे. इथल्या गणपतीत तुमच्या वयाची मुलं मला काकाच म्हणतात आणि मला ते आवडतं. पण ती मुलं आपुलकीने म्हणतात. तुम्ही तो शब्द जिथे घातलात तिथे त्याचा अर्थ ‘तुम्हाला काय कळतंय’ एवढाच होता. मराठीत हाक कुठे मारली जाते आणि टोमणा कुठे, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. मतभेद असू द्यात, मला चालतात. नव्हे, हवेच आहेत. पण ज्याला ओळखत नाही त्याच्याशी पहिलं वाक्य बोलताना माणूस जरा जपून बोलतो, निदान माझ्या घरी तरी असंच शिकवलं.

आणि सामने मी बघतो का? ऐका तर मग.

मी २००१ मध्ये न्यू जर्सीला आलो. पहिली तीन वर्षं हा खेळ मला कळत नव्हता. चार प्रयत्नांत दहा यार्ड, हे ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने कॅन्टीनच्या पेपर नॅपकिनवर रेघा मारून शिकवलं, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. २००९ पासून आमची बारा जणांची फँटसी लीग आहे, त्यातले आठ मराठी. तेव्हापासून एकही सीझन चुकलेला नाही. वडिलांच्या आजारपणात पुण्याला होतो तेव्हासुद्धा रविवारी रात्री साडेअकराला सामना सुरू व्हायचा आणि मी दवाखान्यातल्या खुर्चीत बसून मोबाइलवर बघायचो.

माझ्याकडे दोनशे पानी वह्या आहेत. ज्या बॅकबद्दल लिहायचं त्याच्या सामन्यात मी डाव्या पानावर रकाने आखतो. बॉल हातात दिला की उभी रेघ, कॅच झाला की गोल, बॉल न मिळता तो नुसताच मैदानात असला की टिंब. मुलगी शेजारी बसून “बाबा, अलजीर आला” (टायलर अलजीर, फाल्कन्सचा तेव्हाचा दुसरा बॅक) असं ओरडते आणि मी रकाना बदलतो. ज्यांना तुम्ही तक्ते म्हणता ते असे तयार होतात. ते कुठल्या वेबसाइटवरून उचललेले नाहीत. सामना बघितल्याशिवाय ती रेघ मारता येत नाही.

एक पान तुमच्यासाठी उघडतो. २२ ऑक्टोबर २०२३, रविवार, दुपारी एकचा सामना, फाल्कन्स विरुद्ध टँपा बे. टायलर अलजीरचा रकाना भरत चाललेला, आणि बिजानच्या रकान्यात नुसती पांढरी जागा. मुलीने दोनदा विचारलं, “त्याला लागलंय का?” कॉमेंटेटरनाही नीट माहीत नव्हतं. बिजान साइडलाइनवर उभा. संपूर्ण सामन्यात एक रेघ. एक कॅरी, तीन यार्ड. फाल्कन्स १६-१३ ने जिंकले, नंतर कळलं की पोराचं डोकं दुखत होतं, बरं वाटत नव्हतं. सामन्याआधीच्या इंज्युरी रिपोर्टमध्ये त्याचं नाव नव्हतं, आणि पुढे त्याबद्दल फाल्कन्सना दंडही झाला. त्या दिवशी माझ्या टीममध्ये बिजान होता आणि मी हरलो. तुम्ही म्हणता तसे ‘डोळे’ मी त्या दिवशी तीन तास लावून बसलो होतो. डोळ्यांना काय दिसलं? काहीच नाही, कारण बॉलच दिला नव्हता. जो बॅक बाकावर आहे तो पळतो कसा, हे कुठल्या डोळ्यांनी बघायचं?

तुमच्या वाक्याचा पहिला अर्धा भागही असाच सुटून चाललाय. “संधी कोचने दिली की कुणालाही मिळते.” म्हणजे संधी फुटकळ, असं तुम्हाला म्हणायचंय. नीट बघितलं तर संधी इतकी दुर्मीळ असते की आठव्या क्रमांकावर निवडलेल्या पोरालासुद्धा ती पूर्ण मिळाली नाही. २०२३ मध्ये फाल्कन्सचे कोच आर्थर स्मिथ यांनी बिजानला २१४ कॅरी दिल्या आणि पाचव्या फेरीतून आलेल्या अलजीरला १८६. दोघांचे धावून केलेले टचडाउन सारखे, चार-चार. गोल लाइनजवळ आलं की बिजान बाहेर, हे माझ्या वहीत पानोपानी आहे. टीम सात विजय, दहा पराभवांवर संपली, स्मिथ गेले, रहीम मॉरिस आले. २०२४ मध्ये बिजानच्या कॅरी ३०४ झाल्या, यार्ड ९७६ वरून १४५६ वर गेले, धावून केलेले टचडाउन चारावरून चौदावर.

आता दर कॅरीमागचे यार्ड काढा. पहिल्या वर्षी साधारण ४.६, दुसऱ्या वर्षी ४.८. पोरगा तोच, पाय तेच, पळणं तेच. बदललं काय, तर बॉल देणाऱ्याचं मन. मी लेखात हेच लिहिलं होतं, तिसऱ्या परिच्छेदात. तिथपर्यंत तुम्ही वाचलं नसावं असं मला वाटतं, आणि तसं असेल तर माफ करा, पण न वाचता एवढं लांब लिहिणं हे आळसाचं काम आहे.

आणि डोळ्यांवर विश्वास ठेवून काय होतं ते मी भोगलंय. ट्रेंट रिचर्डसन आठवतो का? क्लीव्हलंड ब्राउन्सने २०१२ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर घेतलेला. अलाबामातले त्याचे सामने मी बघितले होते. मांड्या खांबासारख्या, दोन-दोन टॅकल अंगावर घेऊन पुढे सरकायचा. २०१३ च्या आमच्या ड्राफ्टमध्ये मी पहिल्या फेरीत त्याला घेतला. सगळ्यांनी मान डोलावली. सप्टेंबरमध्ये, दोन सामने झाले नाहीत तोच ब्राउन्सने त्याला इंडियानापोलिस कोल्ट्सला देऊन टाकला, पहिल्या फेरीच्या एका पिकच्या (ड्राफ्टमधल्या निवडीच्या हक्काच्या) बदल्यात. मला वाटलं, उलट बरं झालं, चांगल्या टीममध्ये गेला. कोल्ट्सकडे त्याची सरासरी २.९ यार्डांची निघाली. मी रविवारमागून रविवार त्याला खेळवत राहिलो कारण माझे डोळे मला सांगत होते की हा पोरगा फुटणार, आज फुटणार. त्या वर्षी मी बारा जणांत अकरावा आलो.

तुम्ही म्हणाल, २०१२ मध्ये त्यालाही ३१८ टच मिळाले होते, मग तुमचा नियम कुठे गेला? बरोबर, मिळाले होते. पण मी त्या वर्षी टच मोजलेच नव्हते. मोजायला बसलो असतो तर शेजारी ३.६ ची सरासरीही दिसली असती, आणि विचारही पडला असता की एवढ्या टचनंतर टीम याला ठेवेल का. मी मांड्या बघितल्या. वह्या त्याच हिवाळ्यात सुरू झाल्या.

दुसरा दाखला माझा नाही, आमच्या लीगमधल्या एका मित्राचा. २०२० मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सने पहिल्या फेरीच्या शेवटी क्लाइड एडवर्ड्स-हिलेअरला घेतलं. त्यांचाच बॅक डेमियन विल्यम्स याने कोविडमुळे त्या वर्षी न खेळायचं ठरवलं, आणि हा नवखा पोरगा फँटसीत थेट पहिल्या फेरीत जाऊन बसला. पहिल्याच सामन्यात १३८ यार्ड! आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या रात्री मित्राचे चाळीस मेसेज. तो पळालाही सुंदर, मी स्वतः बघितलं. पण ऑक्टोबरमध्ये चीफ्सने आणखी एक बॅक, लेव्हिऑन बेलला आणलं, टच वाटले गेले, आणि सीझनअखेर पोराच्या नावावर धावून ८०३ यार्ड आणि चार टचडाउन. पोराचं पळणं तेवढ्यात वाईट झालं का? मला तरी तसं दिसलं नाही.

आता बाकीचे मुद्दे.

२०२४ मध्ये गिब्जचे गुण बिजानपेक्षा जास्त झाले, असं तुम्ही ठळक अक्षरांत लिहिलंय. झाले. दर कॅचला एक गुण धरून गिब्ज ३६५ च्या आसपास, बिजान ३४०. पण गिब्जचे एकूण टचडाउन २०, बिजानचे १५. टचडाउन बाजूला काढा आणि बेरीज पुन्हा करा, बिजान पाचेक गुणांनी वर येतो. टचडाउन दर वर्षी वर-खाली होतात, हे फँटसी खेळणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. टच बघा: बिजान ३६५, गिब्ज ३०२. आणि गिब्जचा तो डोळे दिपवणारा शेवट, व्हायकिंग्जविरुद्धचे चार टचडाउन, तो तुम्ही माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून दिलात. अहो, शेवटच्या तीन सामन्यांत लायन्सचा दुसरा बॅक डेव्हिड माँटगोमेरी गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर होता. तिन्ही सामन्यांत गिब्जने शंभरावर यार्ड काढले, कारण बॉल वाटून घ्यायला कुणी नव्हतं. तुमचाच पुरावा माझ्या बाजूने उभा आहे.

लायन्सची ऑफेन्सिव्ह लाइन (बॅकसाठी वाट मोकळी करणारे खेळाडू) चांगली, हे कबूल. लायन्सचं आक्रमण आखणारे कोच बेन जॉन्सन शिकागोला हेड कोच म्हणून गेले त्याने गिब्जला फरक पडणार नाही, असं तुमचं म्हणणं. मला पडेल असं वाटतं, पण त्यावर मी भांडणार नाही. फाल्कन्सचा पेनिक्स नवखा क्वार्टरबॅक (बॉल फेकून डाव चालवणारा) आहे म्हणून बिजानला धोका, हा मुद्दा मला मुळातच पटत नाही. २०२४ मध्ये पेनिक्स सुरुवातीपासून खेळला त्या तिन्ही सामन्यांत बिजानने दोन-दोन टचडाउन केले, पँथर्सविरुद्ध तर १७० यार्ड पळाला. हाफ-पीपीआरमध्ये (दर कॅचला अर्धा गुण) चित्र बदलतं का? फारसं नाही.

“क्रिकेटवाल्यांनी यात पडू नये” हे तुमचं शेवटचं वाक्य मात्र मी सोडणार नाही. मी रणजीचे सामने स्टेडियमच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर बसून बघितलेत, स्कोअरबुक भरत. नवीन पोराला कॅप्टन कितव्या ओव्हरला बॉल देतो यावरून त्याचा भरवसा कळतो, हे मी तिथे शिकलो. पहिल्या इनिंगमध्ये चार ओव्हर टाकून काढून घेतलेला आणि जुन्या बॉलवर पुन्हा बोलावलेला, यांत फरक असतो. थर्ड डाउनला (तिसऱ्या प्रयत्नाला) मैदानात ठेवलेला बॅक आणि बाहेर बोलावलेला बॅक, यांतही तोच फरक. क्वार्टरबॅकवर ब्लिट्झ (जास्तीच्या बचावपटूंची चढाई) येत असताना कोच ज्या २३ वर्षांच्या पोराला त्याच्या शेजारी उभा ठेवतो, त्याच्याकडे पुढच्या वर्षी बॉल जाणारच. बिजान पहिल्या वर्षीसुद्धा ५८ कॅच घेऊन गेला होता, स्मिथ यांच्या काळातसुद्धा. त्याचा पहिला एनएफएल टचडाउनही कॅचवरचाच, अकरा यार्डांचा, दोघांना चुकवून. हो, तेही मी बघितलंय.

तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, उडवणारही नाही. दोन जणांनी तसं सुचवलं होतं. गिब्जबद्दल पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, त्याच्या टचचे आकडे घेऊन लिहा, मी वाचेन. आमचा ड्राफ्ट लेबर डेच्या आदल्या दिवशी आहे आणि माझा नंबर दुसरा आहे. बिजान शिल्लक असला तर मी त्यालाच घेणार.